तीन डॉक्टर, तीन मतं आणि दोन हलणारे दात

ताई, नमस्कार.

माझं वय ४७. गेलं वर्षभर दात घासताना रक्त येतं, ब्रश गुलाबी होतो. दुखत काहीच नव्हतं, म्हणून मी दुर्लक्ष केलं. मागच्या महिन्यात खालचे समोरचे दोन दात जिभेने ढकलले तर हलतात, असं लक्षात आलं. नेहमीच्या डेंटिस्टनी पाहिलं आणि "हिरड्यांच्या तज्ज्ञाला दाखवा" एवढंच सांगितलं. आमचं शहर मोठं आहे. शोधायला बसले तर नावांची रांग लागली आणि प्रत्येकाच्या पुढे पाच-पाच तारे. तिघांकडे जाऊन आले. पहिले म्हणाले, सहा दात काढून इम्प्लांट बसवू. दुसरे म्हणाले, लेझरने एका बैठकीत सगळं बरं होईल. तिसऱ्या डॉक्टरबाई म्हणाल्या, आधी साफ करू, मग दोन-तीन महिन्यांनी बघू. त्या सगळ्यांत कमी बोलल्या आणि त्यांचं क्लिनिकही अगदी साधं होतं. मला सहा वर्षांपासून मधुमेह आहे. माझ्या आईचे सगळे दात पन्नाशीतच गेले होते, त्यामुळे हे आमच्या रक्तातच असेल असंही वाटतं. कुणाचं ऐकू? आणि एवढ्या मोठ्या शहरात चांगला तज्ज्ञ ओळखायचा कसा?

– गुलाबी ब्रशवाली

नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दोन्ही वेळा मी त्यात एकच गोष्ट शोधत होते, ती म्हणजे आकडे. तिघांनी काय करू म्हटलं ते तुम्ही लिहिलंत. पण तिघांपैकी कुणी तुमच्या हिरड्या मोजल्या का?

मोजल्या असत्या तर तुमच्या लक्षात राहिलं असतं, कारण ते काम कंटाळवाणं असतं आणि थोडं टोचतंही. मिलिमीटरच्या खुणा असलेली, बोथट टोकाची एक बारीक सळई असते, तिला प्रोब म्हणतात. ती दात आणि हिरडी यांच्या फटीत हलकेच सरकवून खोली बघायची. प्रत्येक दाताला सहा जागी. डॉक्टर "तीन, दोन, चार, पाच" असं म्हणत जातात आणि शेजारी उभी असलेली मदतनीस लिहून घेते. अठ्ठावीस दात असतील तर १६८ आकडे होतात. शिवाय कुठे रक्त आलं, कुठला दात किती हलतो, दाढांच्या मुळांमध्ये सळई शिरते का, हेही लिहायचं. मी हिरड्यांची डॉक्टर म्हणून काम करत होते तेव्हा पहिल्या भेटीचा बराचसा वेळ यातच जायचा. काही पेशंट वैतागून विचारायचे, "उपचार कधी सुरू करणार?" त्यांना मी सांगायची, सुरू झालाय.

तीन मिलिमीटरपर्यंतची फट निरोगी समजतात. चार किंवा जास्त आणि वर रक्त, म्हणजे तिथे हिरडी दातापासून सुटून खोल कप्पा झालाय, त्याला पॉकेट म्हणतात. सहाच्या पुढे गेलं की तुमचा ब्रश तिथे कधीच पोहोचत नाही आणि नुसत्या साफसफाईने भागेल की हिरडी उघडून आत बघावं लागेल, हा प्रश्न उभा राहतो. हे आकडे नसताना सहा दात काढायचे कशावरून ठरले, हे पहिल्या डॉक्टरांना विचारायला हवं. एकच मोठा एक्स-रे काढून ठरवलं असेल तर ते पुरेसं नाही. जबड्याचा जो एक लांबट फोटो निघतो, ज्याला ओपीजी म्हणतात, त्याने सगळं चित्र एका नजरेत दिसतं खरं, पण नेमकी समोरच्या दातांवरच मानेच्या मणक्यांची सावली पडते आणि तो भाग धूसर येतो. तुमचे हलणारे दात नेमके तिथलेच. त्यांच्यासाठी तोंडात छोटी फिल्म किंवा सेन्सर ठेवून वेगळे फोटो काढावे लागतात. हाड सगळीकडून सपाट खाली गेलंय की एखाद्या दाताशेजारी खड्डा पडलाय, हे त्यांत दिसतं. हा फरक महत्त्वाचा आहे. खड्डा असेल तर तिथे हाड भरून यावं म्हणून काही करता येतं. सपाट गेलेलं हाड पुन्हा वर येत नाही, कुणी हाडाची कितीही महागडी पावडर भरली तरी.

म्हणून तज्ज्ञ ओळखायची माझी पहिली खूण हीच. तो मोजतो का आणि मोजलेलं तुम्हाला दाखवतो का. मोजलेल्या तक्त्याची प्रत मागा. तक्ता असेल तर आजाराचं नावही नीट सांगता येतं. अमेरिका आणि युरोपमधल्या हिरडीतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१७ साली एकत्र बसून वर्गवारी ठरवली आणि २०१८ मध्ये ती प्रसिद्ध केली. आजार किती पुढे गेलाय यासाठी पहिली ते चौथी स्टेज आणि किती वेगाने जातोय यासाठी ए, बी, सी अशा ग्रेड. "पायोरिया झालाय" एवढ्यावर थांबणाऱ्यापेक्षा "तिसरी स्टेज, ग्रेड सी, आणि ते का" हे सांगणारा डॉक्टर बरा.

या ग्रेडमध्ये तुमचा मधुमेह थेट येतो. रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी सात टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर ग्रेड सी होते. दिवसाला दहा किंवा जास्त सिगारेटी ओढणाऱ्यांचंही तसंच. तेव्हा ज्या डॉक्टरांनी तुमच्या साखरेचा आकडा विचारला नाही, त्यांनी तुमचा अर्धा आजार बघितलाच नाही. याची दुसरी बाजूही आहे. सुजलेल्या हिरड्यांमुळे साखर आवरणं अवघड होतं. अनेक चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला तेव्हा हिरड्यांवरच्या उपचारानंतर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसीचा आकडा सरासरी सुमारे ०.४ ने उतरलेला दिसला. तुमच्या मधुमेहाच्या डॉक्टरांनाही यातलं काही सांगितलं नसेल, तर या आठवड्यात सांगा.

आता तिघांची मतं.

हलणारा दात म्हणजे काढायचाच दात, असं नसतं. दात हाड गेल्यामुळे हलतो, तसाच सूज असल्यामुळेही हलतो आणि चावताना त्याच्यावर जास्त जोर येत असेल तरीही. सूज उतरली की बरेच दात थोडे घट्ट होतात. खालच्या समोरच्या दातांची मुळं मुळातच बारीक असतात. ते थोडे हलत राहिले तर मागच्या बाजूने बारीक तार किंवा फायबर चिकटवून शेजाऱ्यांच्या आधाराने वर्षानुवर्षं टिकवता येतात. काही दात खरोखर हाताबाहेर गेलेले असतात. हाड मुळाच्या टोकापर्यंत गेलेलं असतं, दात वर-खाली दाबला तरी हलतो. असा दात धरून ठेवण्यात अर्थ नाही. पण ते एकेक दात दाखवून, त्याच्या फोटोवर बोट ठेवून सांगता यायला हवं. "सहा काढू" हे घाऊक बोलणं मला पटलं नाही.

त्याहून जास्त पटला नाही तो क्रम. इम्प्लांटला कीड लागत नाही, हे खरं. पण त्याच्या भोवतालचं हाड असंच झिजू शकतं, आणि ज्यांना आधी हिरड्यांचा आजार झालाय त्यांच्यात हा धोका जास्त. आजूबाजूच्या दातांची पॉकेट्स तशीच ठेवून इम्प्लांट बसवणं म्हणजे गळतं छप्पर तसंच ठेवून घराला रंग देणं. आधी हिरड्या आटोक्यात आणायच्या, मग रिकाम्या जागेचं काय करायचं ते ठरवायचं.

लेझरबद्दल लोक मला नेहमी विचारतात, आणि मी लेझरची शत्रू नाही. पण हिरड्यांच्या आजाराचं मूळ दाताच्या मुळावर बसलेल्या कीटणात आणि जंतूंच्या थरात आहे. ते खरवडून काढावंच लागतं, हाताने किंवा अल्ट्रासोनिक यंत्राने. त्याच्या जोडीला लेझर वापरू नये, असंच युरोपातल्या हिरडीतज्ज्ञांच्या महासंघाने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये सुचवलंय. गोळ्यांच्या अँटिबायोटिकबद्दलही त्याच सूचना सांगतात की सरसकट देऊ नका. "एका बैठकीत" हे शब्द मात्र मी लगेच चूक म्हणणार नाही. सगळं तोंड एक-दोन बैठकांत साफ करायची पद्धत मान्य आहे. माझा आक्षेप "बरं होईल" याला आहे.

का ते सांगते. १९६५ मध्ये हॅराल्ड लोए हा हिरड्यांचा संशोधक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला. निरोगी हिरड्यांच्या बारा जणांना दात घासणं थांबवायला सांगितलं. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर त्या थोड्याच दिवसांत पूर्ववत झाल्या. म्हणजे नुसती सूज आणि रक्त एवढ्यावर असलेला आजार परत फिरतो. पण तोच थर पुन्हा बसला की सूजही पुन्हा येते. तो रोज बसतो. हाडापर्यंत गेलेला आजार परत फिरत नाही, तो जागच्या जागी थांबवायचा असतो. थांबवलेली गोष्ट राखावी लागते. एका बैठकीत राखण होत नाही.

तुमच्या आईबद्दल लिहिलंत म्हणून आणखी एक. याच लोएने १९७० पासून पंधरा वर्षं श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यांवरच्या ४८० मजुरांना तपासलं. दात घासायची सवय नाही, दातांचा डॉक्टर नाही. सगळ्यांच्या तोंडात कीटण भरपूर. तरीही सुमारे ८ टक्के लोकांचे दात झपाट्याने गेले, ८१ टक्क्यांचा आजार मध्यम गतीने वाढला आणि ११ टक्के हिरड्यांच्या सुजेच्या पुढे गेलेच नाहीत. घाण सारखी, निकाल वेगळे. तेव्हा "आमच्या रक्तात" हा तुमचा अंदाज अगदीच हवेतला नाही. आईचं तज्ज्ञाला जरूर सांगा. पण त्या मजुरांना जे मिळालं नाही ते तुम्हाला मिळणार आहे.

तिसऱ्या बाईंचं "आधी साफ करू, मग बघू" हे टोलवाटोलवीचं बोलणं नाही. पुस्तकातला क्रमच तो आहे. आधी तुम्हाला घरी साफ कसं ठेवायचं ते शिकवायचं, वरचं कीटण काढायचं. मग भूल देऊन हिरडीखालची मुळं साफ करायची. मग हिरड्यांना वेळ द्यायचा, आणि साधारण तीन महिन्यांनी तीच सळई घेऊन तेच सगळे आकडे पुन्हा मोजायचे. जिथे अजून सहा किंवा जास्त उरलंय तिथेच ऑपरेशनचा विचार. बऱ्याच जागा तोवर चारच्या आत आलेल्या असतात. मी तुमच्या जागी असते तर त्यांच्याकडेच परत गेले असते, पण एका अटीवर: सुरू करण्याआधी पूर्ण मोजणी. ती त्यांनी केलेली नसेल आणि मागितल्यावरही टाळली, तर चौथा डॉक्टर शोधा. साध्या क्लिनिकचं मनावर घेऊ नका. सोफा कसाही असो. अवजारं सीलबंद पाकिटातून तुमच्यासमोर निघतात का तेवढं पाहा.

तज्ज्ञाची दुसरी खूण: तो तुमच्या हातात आरसा देतो का. दातांच्या फटींत घालायचे छोटे ब्रश असतात, वेगवेगळ्या जाडीचे. कुठल्या फटीला कुठली जाडी, हे तोंडात घालून दाखवावं लागतं आणि मग तुमच्याकडून करून घ्यावं लागतं. नुसतं "फ्लॉस करत जा" म्हणून भागत नाही. यात दहा-पंधरा मिनिटं घालवणाऱ्या डॉक्टरला त्यातून फारसं काही मिळत नाही. म्हणूनच ही खूण खरी.

आणि साफसफाईनंतर काय दिसेल, हे आधीच सांगणारा डॉक्टर धरा. सूज उतरली की हिरडी खाली बसते. दात लांब दिसतात, मधे फटी दिसतात, काही आठवडे गार-गरम झोंबतं. इथेच लोक घाबरतात आणि "साफ केल्याने दात सैल झाले" असं शेजारी-पाजारी सांगत सुटतात. दात सैल आधीच होते, कीटणाने ते गिलाव्यासारखे धरून ठेवले होते. या गैरसमजापायी किती पेशंट दुसऱ्या बैठकीला आलेच नाहीत! चूक बहुतेक वेळा आमचीच असायची, आधी सांगितलेलं नसायचं.

आता मोठ्या शहराचा प्रश्न, आणि इथे माझं मत लोकांना विचित्र वाटतं. शहरातला सर्वोत्तम शोधू नका. चांगल्यांपैकी सगळ्यांत जवळचा शोधा.

१९७८ मध्ये हिर्शफेल्ड आणि वासरमन या दोन हिरडीतज्ज्ञांनी त्यांच्या ६०० पेशंटांचा हिशेब मांडला. हे सगळे उपचारानंतर सरासरी बावीस वर्षं नियमित तपासणीला येणारे. त्यांतल्या सुमारे ८३ टक्के लोकांचे एवढ्या काळात जास्तीत जास्त तीन दात गेले, अनेकांचा एकही नाही. त्यांच्याकडे लेझर नव्हता, आजच्यासारखे इम्प्लांट नव्हते. लोक परत परत येत होते, एवढं मात्र होतं. तुम्हालाही उपचारानंतर सुरुवातीला दर तीन-चार महिन्यांनी जावं लागणार. शहराच्या दुसऱ्या टोकाला बसणाऱ्या नामांकित डॉक्टरकडे तुम्ही पहिल्या तीन वेळा उत्साहाने जाल. चौथ्या वेळी पाऊस असेल, पाचव्या वेळी ऑफिसात काम. माझ्याकडून गळालेल्या पेशंटांत सगळ्यांत खोल पॉकेटवाले नव्हते. दीड-दीड तास प्रवास करून येणारे होते.

म्हणून विचारा: दोन वर्षांनी मला कोण तपासणार? तुम्हीच, की जो कुणी त्या दिवशी असेल तो? मोठ्या शहरांत एकच तज्ज्ञ पाच-सहा क्लिनिकांत आठवड्यातून एकेकदा येतो. त्यात वाईट काही नाही, पण मग टाके घातल्यावर रात्री रक्त आलं तर फोन कुणाला करायचा, हे आधी ठरलेलं हवं. खर्चाचा अंदाज लेखी घ्या आणि त्यात पुढच्या तपासण्या धरल्यात का ते बघा. नुसत्या उपचाराचा आकडा नेहमी लहान दिसतो.

ताऱ्यांकडे बघून निवड करू नका. लोक तारे देतात ते दुखलं नाही म्हणून, रिसेप्शनवरची मुलगी गोड बोलली म्हणून. हिरड्यांचा उपचार जमला की नाही ते पाच वर्षांनी कळतं, आणि तेव्हा कुणी तारे द्यायला बसत नाही. त्यापेक्षा आपल्या नेहमीच्या डेंटिस्टकडे परत जा. "तज्ज्ञाला दाखवा" एवढं सांगून त्यांनी तुम्हाला रस्त्यावर सोडलंय, ते बरं नाही केलं. त्यांना सरळ विचारा, तुम्ही कुणाकडे पेशंट पाठवता आणि ते परत येतात तेव्हा सोबत पत्र आणि तक्ता येतो का? ज्या तज्ज्ञाकडून कागद येतो तो धरायचा. डेंटिस्टला कुणी माहीत नसेल तर दंतमहाविद्यालयाच्या हिरड्यांच्या विभागात जा. तिथे शिकाऊ डॉक्टर असतात, वेळ लागतो, खुर्चीवर बसून पाठ दुखते. पण मोजणी मात्र झाल्याशिवाय राहत नाही, कारण ती मागे उभे असलेले शिक्षक तपासतात.

पदवी आणि नोंदणीही बघून घ्या. दंतवैद्यकाच्या पदवीनंतर फक्त हिरड्या आणि हाड यांच्यावर साधारण तीन वर्षांचं शिक्षण असतं, तो खरा हिरडीतज्ज्ञ. थोड्या दिवसांचा इम्प्लांटचा कोर्स करून लावलेली पाटी म्हणजे ते नव्हे.

जाताना औषधांची चिठ्ठी न्या. रक्तदाबाच्या अ‍ॅम्लोडिपीनसारख्या गोळ्यांनी काहींच्या हिरड्या फुगतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या असतील तर आपल्या मनाने बंद करू नका, आणि हाडं ठिसूळ होतात म्हणून काही घेत असाल तर तेही सांगा. तंबाखूची कुठलीही सवय असेल तर लपवू नका. सिगारेटीने हिरड्यांतून रक्त कमी येतं आणि आजार झाकला जातो.

घाई किती करायची? चार दिवसांनी काही बिघडत नाही, चार महिन्यांनी बिघडू शकतं. मात्र हिरडीतून पू आला, गाल सुजला किंवा ताप आला, तर तज्ज्ञ निवडत बसू नका. त्याच दिवशी जवळच्या कुठल्याही डेंटिस्टकडे जा.

तोवर एक करा. रक्त येतं म्हणून तुम्ही त्या दोन दातांना ब्रश लावायचं टाळत असणार, सगळेच टाळतात. टाळू नका. मऊ ब्रशने, हिरडीच्या कडेला तिरका धरून, हळू घासा. सुरुवातीला ब्रश आणखी गुलाबी होईल. आणि मोजणी झाली की त्या दोन दातांचे बारा आकडे मला लिहून पाठवा.